सायबरपंक २०७७ : पीएस फोरची जुनी डिस्क घेण्याआधी

दिग्रस, दारव्हा, आर्णी या तालुक्यांतील गावांमध्ये आता अधूनमधून एखाद्या घरी टीव्हीखाली प्लेस्टेशन फोर, म्हणजे पीएस फोर हे सोनी कंपनीचे टीव्हीवर गेम खेळायचे यंत्र, दिसू लागले आहे. शहरात कुणी नवे यंत्र घेतले की त्याचे जुने यंत्र नागपूर-अमरावतीच्या बाजारातून तालुक्याच्या मोबाइल दुकानापर्यंत येते आणि कापसाचे किंवा सोयाबीनचे पैसे हाती आले की एखादा बाप ते घरातल्या पोरासाठी गावात घेऊन येतो. यंत्राबरोबर जुन्या डिस्कही विकायला असतात आणि त्यांत पिवळ्याधमक वेष्टनातील ‘सायबरपंक २०७७’ या गेमची डिस्क हमखास सापडते. किंमत कमी सांगितली जाते, नाव सर्वांच्या कानावरून गेलेले असते आणि हा गेम आता पार बदलून गेला असल्याचे कुणीतरी यूट्यूबवर सांगितलेले असते. त्यामुळे ‘‘भाऊ, तो गेम आता चांगला झाला म्हणते, घेऊ का?’’ असे मला गावातली पोरे वारंवार विचारतात. पीएस फोरसाठी घेऊ नका, हे माझे उत्तर आहे. आणि ज्या गेमची कीर्ती आज एवढी सुधारली आहे त्याच्याबद्दल इतके ठाम का बोलावे लागते, हे नीट समजावून देण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने या गेमची घोषणा २०१२ मध्ये केली होती. त्यानंतर २०१५ मध्ये याच कंपनीचा ‘विचर ३’ आला आणि कथा, पात्रे व लहानातल्या लहान उपकथेवर घेतलेली मेहनत यांमुळे जगभरचे खेळाडू तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू लागले. २०१९ च्या जूनमध्ये हॉलिवूडचा नट कीआनू रीव्ह्ज याने मंचावर येऊन १६ एप्रिल २०२० ही तारीख सांगितली तेव्हा अपेक्षेने टोक गाठले. ती तारीख पुढे सप्टेंबरवर गेली, सप्टेंबरची नोव्हेंबरवर गेली, आणि गेम छपाईसाठी तयार झाल्याचे ऑक्टोबरमध्ये जाहीर करूनही कंपनीने तो आणखी एकवीस दिवस पुढे ढकलला. अखेर १० डिसेंबर २०२० रोजी तो बाजारात आला तोवर ऐंशी लाख लोकांनी आगाऊ पैसे भरून ठेवले होते. या सगळ्या काळात वेष्टनावर पीएस फोरचे नाव होते. पीएस फाइव्ह हे त्यापुढचे यंत्र नुकतेच निघाले होते, भारतात तर ते २ फेब्रुवारी २०२१ ला विक्रीला आले, म्हणजे आपल्याकडे प्लेस्टेशनवर हा गेम घेणारा प्रत्येक माणूस तो पीएस फोरसाठीच घेत होता.

या यंत्रावर गेमची जी अवस्था होती ती आता सर्वज्ञात आहे, तरीही ज्यांनी फक्त अलीकडची स्तुती ऐकली आहे त्यांच्यासाठी ती सांगणे भाग आहे. चित्र इतके अस्पष्ट की समोर उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर डोळे-नाक उमटायला काही क्षण जावे लागत. गर्दीच्या चौकात किंवा गाडी वेगात नेल्यावर चित्रांची गती सेकंदाला तीस चित्रांवरून घसरत विशीच्याही खाली जाई, आणि हातातला कंट्रोलर दाबल्यावर पात्र हलायला जो उशीर लागे त्याने नेम धरणे अवघड होऊन बसे. रस्ते ओस दिसत, गाड्या डोळ्यांदेखत उगवत, पाठ फिरवून पुन्हा पाहावे तर मघाची माणसे नाहीशी झालेली असत. गुन्हा घडला की पोलीस कुठून चालत किंवा गाडीने येत नसत, ते सरळ खेळाडूच्या पाठीमागे प्रकट होत. यावर कडी म्हणजे गेम मध्येच बंद पडून यंत्राच्या मुख्य पडद्यावर परत येण्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. पीसीवरील आवृत्तीला परीक्षकांकडून शंभरपैकी सरासरी ऐंशीच्या वर गुण मिळाले होते आणि त्याच नावाच्या पीएस फोर आवृत्तीला साठीच्या आत. एकाच वेष्टनाखाली दोन वेगळे माल विकले गेले, असे मी म्हणतो ते या आकड्यांच्या आधारावर.

१४ डिसेंबरला कंपनीने माफी मागितली आणि ज्यांना थांबायचे नसेल त्यांनी पैसे परत मागावेत, असे सांगितले. त्यानंतर तीन-चार दिवसांतच सोनीने हा गेम आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि तिथून घेतलेल्यांना पूर्ण परतावा देऊ केला. एवढ्या मोठ्या, एवढी जाहिरात झालेल्या गेमवर अशी पाळी त्याआधी आलेली नव्हती. तो पुन्हा दुकानात आला २१ जून २०२१ रोजी, आणि तेव्हाही साध्या पीएस फोरवर अडचणी येऊ शकतात, असा इशारा सोबत होता. विक्रेताच ज्या मालावर इशारा लावून ठेवतो, तो माल सहा महिन्यांच्या दुरुस्तीनंतरही दुरुस्त झालेला नव्हता, असाच त्याचा अर्थ होतो.

असे का झाले, याचे तांत्रिक कारण कंपनीच्या सहसंस्थापकाने जानेवारी २०२१ मधील चित्रफितीत स्वतःच सांगितले. या गेममधील नाइट सिटी हे शहर एवढे दाट आहे की ते एकाच वेळी यंत्राच्या स्मृतीत मावत नाही. खेळाडू जसजसा पुढे जातो तसतसे पुढचे रस्ते, इमारती, माणसे हार्ड डिस्कवरून उचलून आणावी लागतात आणि मागचे टाकून द्यावे लागते. पीएस फोर हे २०१३ चे यंत्र, त्यातली हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची. शहर आधी ताकदवान पीसीसाठी रचायचे आणि मग ते या अरुंद वाटेतून ढकलायचे, हा बेत जमला नाही. कारण खरे असेल, पण ते सबब म्हणून मला मान्य नाही. याच यंत्रावर २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ आला होता. त्यात डोंगर, नद्या, जंगले, रेल्वे, बाजारपेठा, हिमवर्षाव सगळे आहे, आणि साध्या पीएस फोरवरही तो अखेरपर्यंत नीट चालतो. त्याच वर्षीच्या ‘स्पायडर-मॅन’मध्ये अख्खे मॅनहॅटन उंचावरून झोके घेत पाहता येते. यंत्राची मर्यादा सात वर्षांपासून सर्वांना ठाऊक होती. तिच्या आत काम करायचे किंवा त्या यंत्रासाठी गेम काढायचाच नाही, एवढे दोनच प्रामाणिक मार्ग होते.

मला सर्वांत जास्त जी गोष्ट खटकते ती याच्याही पुढची आहे. गेम बाजारात येण्यापूर्वी परीक्षकांना फक्त पीसीची प्रत देण्यात आली आणि सुरुवातीला त्यांनी स्वतः चित्रित केलेली दृश्ये दाखवायलाही मनाई होती. पीएस फोरवर गेम कसा दिसतो, हे पैसे भरलेल्या लोकांना पैसे भरून झाल्यावरच कळले. कोडचे दोष कुणाच्याही हातून राहू शकतात. पण ज्या यंत्रासाठी विक्री चालू आहे त्या यंत्रावरचे चित्र झाकून ठेवणे हा दोष कोडमधला नाही, तो विकण्याच्या रीतीतला आहे. पुढे गुंतवणूकदारांनी अमेरिकेत या प्रकरणी दावा लावला आणि साडेअठरा लाख डॉलरवर तो मिटला. गुंतवणूकदारांना दाद मागायला न्यायालय मिळाले. गावात दुसऱ्या-तिसऱ्या हाताने ही डिस्क घेणाऱ्या माणसाला दाद मागायला कुणीही नव्हते, कारण परतावा मागायची मुदत २१ डिसेंबर २०२० लाच संपली होती आणि त्यासाठी लागणारे मूळ बिलही जुन्या मालाबरोबर मिळत नसते.

आता दुरुस्तीबद्दल. ती झाली, आणि मनापासून झाली, हे मी नाकारत नाही. २०२१ च्या मार्चमध्ये १.२, २०२२ च्या फेब्रुवारीत १.५, सप्टेंबरमध्ये १.६ अशा मोठ्या सुधारणा येत गेल्या. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये २.० आली, जिने कौशल्यांची रचना नव्याने मांडली, पोलीस खऱ्या अर्थाने पाठलाग करू लागले, चालत्या गाडीतून लढता येऊ लागले. आणि पाठोपाठ ‘फँटम लिबर्टी’ हा विस्तार, म्हणजे वेगळे पैसे देऊन घ्यायचा नवा कथाभाग, आला. आज यूट्यूबवर ज्या गेमचे कौतुक चालते तो हा २.० नंतरचा गेम आहे. मात्र २.० आणि ‘फँटम लिबर्टी’ पीएस फोरवर आलेच नाहीत. जुन्या यंत्रांसाठीची शेवटची मोठी सुधारणा १.६ हीच ठरली. म्हणजे ज्या ग्राहकांची सर्वांत जास्त फसगत झाली, नेमक्या त्यांनाच वगळून कंपनीने आपले नाव परत मिळवले. हा मुद्दा मी कुणाही नामवंत परीक्षकाने ठळकपणे मांडलेला पाहिला नाही, कारण त्यांच्यापैकी बहुतेकांनी तोवर नवे यंत्र घेतलेले असते.

त्यातही १.६ पर्यंत पोहोचणे आपल्या गावात सोपे आहे, असे कुणी समजू नये. जुन्या डिस्कवर छापलेली आवृत्ती १.० आहे, म्हणजे सर्वांत वाईट अवस्थेतली. पहिल्या दिवशी जी सुधारणा उतरवावी लागली तीच ४३ जीबीच्या आसपास होती आणि त्यानंतर थरावर थर चढत गेले. ज्या घरी वायफाय नाही आणि नेट म्हणजे बापाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट आहे, तिथे रोजचा दीड जीबीचा डाटा पूर्णपणे या एकाच कामाला लावला तरी नुसते पहिल्या दिवसाचे ४३ जीबी उतरायला जवळपास एक महिना जातो. त्या महिन्यात बापाला बाजार समितीतले भाव पाहायचे असतात, बहिणीला अभ्यासाचे व्हिडिओ पाहायचे असतात, आणि रात्री मध्येच लाईन गेली की उतरवण्याचे काम थांबते ते वेगळेच. इंटरनेट न जोडता खेळणाऱ्याच्या वाट्याला तर डिस्कवरचा १.० हाच कायमचा गेम येतो. कंपनीच्या लेखी हा गेम कधीच सुधारलेला असतो. पण ज्याच्याकडे ती सुधारणा पोहोचत नाही त्याच्यासाठी तो सुधारलेला नसतो.

सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवर किमान सत्तर टक्के उगवणक्षमता असावी लागते. ते उगवले नाही तर पुढच्या वर्षी कंपनीने उत्तम बियाणे काढल्याने यंदाची दुबार पेरणी टळत नाही, आणि तपासणीला आलेला माणूसही यंदाच्या पिशवीवरचा मजकूर आणि यंदाचे शेत एवढेच पाहतो. गेमच्या परीक्षणातही मी हाच नियम धरतो : वेष्टनावर जे यंत्र लिहिले आहे, त्या यंत्रावर, पैसे देऊन हाती आलेल्या मालात काय आहे, याचीच किंमत ठरवायची.

एवढे सांगितल्यावर मूळ गेममध्ये काय आहे हे न सांगणे अन्यायाचे होईल. कथा जबरदस्त आहे. व्ही नावाचे आपले पात्र एका चोरीत हात घालते आणि त्या गडबडीत जॉनी सिल्व्हरहँड या मेलेल्या बंडखोर गायकाची जाणीव साठवलेली चिप त्याच्या डोक्यात बसते. ती चिप हळूहळू व्हीला पुसून टाकत जाते. कीआनू रीव्ह्जने साकारलेला जॉनी सुरुवातीला शत्रूसारखा बोलतो, टोचतो, हिणवतो, आणि पुढे पुढे दोघांमध्ये जे नाते तयार होते ते फार समजुतीने लिहिलेले आहे. जॅकी, पॅनम, जुडी ही पात्रे मनात घर करतात. पॅनमच्या भटक्या टोळीचे, शहराबाहेरच्या उघड्या माळावरचे प्रसंग मला शहरातल्या झगमगाटापेक्षा जास्त भावले. तिथे माणसे एकमेकांना धरून राहतात आणि लेखकांनाही त्यांच्याविषयी आस्था असल्याचे जाणवते. संगीत उत्तम आहे. संवादांच्या वेळी पात्र आपल्या डोळ्यांत पाहून बोलते, खुर्ची ओढून बसते, मध्येच उठून खिडकीशी जाते, आणि हे सारे नजरेसमोर एकसलग घडत राहते.

मात्र रचनेतल्या काही उणिवा अशा आहेत की त्या कुठल्याही यंत्रावर झाकल्या जात नाहीत. सुरुवातीला तीन प्रकारच्या पूर्वायुष्यांतून एक निवडायला मिळते, भटक्याचे, गल्लीतल्या पोराचे किंवा बड्या कंपनीतल्या नोकरदाराचे, आणि यावर पुढचा सगळा गेम बदलेल अशी हवा जाहिरातींनी केली होती. प्रत्यक्षात अर्ध्या-एक तासात तिन्ही वाटा एका ठिकाणी येऊन मिळतात आणि पुढे अधूनमधून एखादे वेगळे वाक्य बोलायला मिळण्यापलीकडे त्या निवडीचा परिणाम थोडाच जाणवतो. शहरातल्या बहुतेक दुकानांची दारे बंद, रस्त्यावरची माणसे बोलायला गेले की तीच ती वाक्ये टाकून पुढे जाणारी. शहर पाहायला अप्रतिम आणि वावरायला परके, असे माझे मत आहे.

एक सावधगिरीची सूचना इथेच देतो. गेममध्ये दुसऱ्याच्या आठवणीत शिरण्याचे ‘ब्रेनडान्स’ नावाचे प्रसंग आहेत आणि मूळ आवृत्तीत ते सुरू होताना लाल-पांढरे दिवे वेगाने लुकलुकत. गेम येण्याच्या सुमारास एका परीक्षिकेला त्यामुळे झटका आला होता, त्यानंतर कंपनीने ते दृश्य बदलले. डिस्कवरची १.० आवृत्ती मात्र या बदलाच्या आधीची आहे. घरात कुणाला फिट येण्याचा, मिरगीचा त्रास असेल तर ही डिस्क नेट न जोडता मुळीच चालवू नये.

यंत्राच्या प्रकृतीचाही विचार करावा लागतो. आपल्याकडे भाव वाढेल या आशेने कापूस घरातच ठेवला जातो, आणि पुष्कळदा ज्या खोलीत कापसाची गंजी तिथेच टीव्ही. जवळ जाऊन पाहिले तर यंत्राच्या मागच्या जाळीवर पांढऱ्या तंतूंचा पातळ पापुद्रा धरलेला दिसतो, आणि बोटाने ओढला तर तो वातीसारखा अख्खा निघून येतो. एवढा जड गेम चालू असताना आतला पंखा पूर्ण वेगाने फिरतो, हवा आत ओढतो, त्या हवेबरोबर तंतू आत जातात, उष्णता बाहेर पडत नाही आणि यंत्र तापून बंद पडते. हा दोष कुणा कंपनीचा नाही. परंतु कापसाच्या खोलीत तापणारे विजेचे यंत्र ठेवणे आगीच्या दृष्टीनेही धोक्याचे आहे. गेम कोणताही असो, यंत्र दुसऱ्या खोलीत हलवावे.

अर्धवट गेम काढून पुढे सुधारला की सगळे माफ, असे म्हणणारे लोक ‘नो मॅन्स स्काय’चे उदाहरण देतात. ते उदाहरण तपासून पाहण्यासारखे आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये हॅलो गेम्स या छोट्या ब्रिटिश चमूने तो आणला. गणिती सूत्रांवरून आपोआप तयार होणारे अठरा अब्ज अब्ज ग्रह त्यात आहेत, असे सांगितले होते आणि तेवढे ते होतेही. पण त्या ग्रहांवर करण्यासारखे फार थोडे होते, आणि दुसरा खेळाडू भेटू शकेल अशी जी आशा लावली होती तीही फोल ठरली. संताप झाला तो रास्तच होता. पुढे या चमूने बोलणे थांबवले आणि काम केले. २०१८ च्या जुलैमध्ये एकत्र खेळण्याची सोय आली, त्यानंतर वर्षानुवर्षे नवनव्या गोष्टी येत राहिल्या, एकदाही जादा पैसे न मागता. माझ्या दृष्टीने त्यातली मोलाची गोष्ट अशी की, या सुधारणा नवी यंत्रे आल्यानंतरही पीएस फोरवर मिळत राहिल्या. ज्याने २०१६ मध्ये पैसे दिले त्याला, त्याच्याच यंत्रावर, ठरलेले आणि त्याहून जास्त मिळाले. याला मी भरपाई म्हणेन. ‘सायबरपंक’च्या बाबतीत पीएस फोरच्या ग्राहकाची अशी भरपाई झालेली नाही.

निराशेचा दुसरा प्रकार आपल्या पिढीला आणखी जवळचा आहे. एमएस-सीआयटीच्या वर्गातल्या किंवा तालुक्याच्या सायबर कॅफेतल्या संगणकावर ज्यांनी ‘जीटीए’ मालिकेतले ‘व्हाइस सिटी’ आणि ‘सॅन अँड्रियास’ हे गेम खेळले, त्यांच्या वह्यांच्या शेवटच्या पानावर चीट कोडची यादी असायची. ‘पॅन्झर’ लिहिले की रणगाडा यायचा आणि ‘हेसोयाम’ लिहिले की तब्येत, चिलखत व पैसे मिळायचे, हे आजही कित्येकांना पाठ आहे. हे दोन्ही गेम ‘जीटीए ३’सह नव्या रूपात ११ नोव्हेंबर २०२१ रोजी ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ या नावाने विक्रीला आले, आणि त्याच्या महिनाभर आधी जुन्या प्रती ऑनलाइन दुकानांतून उतरवण्यात आल्या. नव्या आवृत्तीतला पाऊस पांढऱ्या रेघोट्यांसारखा डोळ्यांपुढे पडतो आणि पाण्यावर दिसेनासा होतो. ओळखीचे चेहरे रबराच्या बाहुल्यांसारखे झाले, दुकानांच्या पाट्या संगणकाकडून आपोआप मोठ्या करून घेताना त्यांवरची अक्षरे बिघडली, काही गाणी परवान्याअभावी गेली.

त्यातली धुक्याची गोष्ट मला विशेष लागते. जुन्या ‘सॅन अँड्रियास’मध्ये दूरवर सतत धूसर धुके असे, कारण तेव्हाच्या यंत्राला लांबचे चित्र काढणे झेपत नव्हते, पण त्या धुक्यामुळेच तिथला ग्रामीण भाग अमर्याद वाटे, एका शहरातून दुसऱ्या शहरात मोटारसायकलवर जाताना खरोखर परगावी निघाल्याची भावना येई. नव्या आवृत्तीत ते धुके काढून टाकले, आणि डोंगरावर उभे राहिले की पलीकडचे शहर हाकेच्या अंतरावर दिसू लागले. नकाशा तेवढाच राहिला, प्रवास मात्र संपला. जुन्या लोकांनी अडचणीतून जी कलाकुसर साधली होती ती ओळखण्याची नजरच हे काम करणाऱ्यांकडे नव्हती. नोव्हेंबरमध्येच या मालिकेच्या रॉकस्टार कंपनीने माफी मागून पीसीवरच्या जुन्या प्रती परत आणण्याचे जाहीर केले, आणि २०२४ च्या नोव्हेंबरमधील सुधारणेत जुन्या वळणाचा उजेड व आकाश परतले. तीन वर्षे लागली.

मोबाइलवर खेळणाऱ्यांच्या वाट्याला आलेली निराशा म्हणजे ‘फौजी’. २ सप्टेंबर २०२० ला पब्जी मोबाइलवर बंदी आली आणि दोनच दिवसांत या देशी गेमची घोषणा झाली, अक्षयकुमारच्या नावाने. २६ जानेवारी २०२१ रोजी तो आला तेव्हा पब्जीसारखे चारजणांच्या टोळीने खेळता येईल म्हणून वाट पाहणाऱ्या पोरांना त्यात फक्त गलवान खोऱ्यातला एकट्याने खेळायचा भाग मिळाला : बंदूक नाही, हाताने आणि दांडक्याने एकामागून एक तशाच मारामाऱ्या, आणि शेकोटीपाशी बसून तब्येत भरून काढणे. उत्पन्नातला वीस टक्के वाटा ‘भारत के वीर’ निधीला देण्याचा संकल्प चांगला होता. परंतु सैनिकांच्या नावाने गेम काढायचा तर तो त्यांच्या नावाला शोभेल एवढा तरी घडवायला हवा होता, आणि घाईने आणलेल्या त्या पहिल्या रूपात ते झाले नाही.

परीक्षण करणाऱ्यांकडूनही माझी एक अपेक्षा आहे. मराठी आणि हिंदीत गेमविषयी बोलणारे आता पुष्कळ आहेत आणि गावातली पोरे त्यांचे ऐकून पैसे खर्च करतात. ‘गेम मस्त झाला’ असे सांगताना आपण तो कोणत्या यंत्रावर खेळलो, कोणत्या क्रमांकाची आवृत्ती होती, आणि डिस्क टाकल्यावर वर आणखी किती जीबी उतरवावे लागले, या तीन गोष्टी त्यांनी सुरुवातीलाच सांगितल्या पाहिजेत. चार हजारांचा गेम आवडला नाही तर शहरातला मुलगा दुसरा घेतो. गावात तो वर्षभराचा एकच गेम असतो, आणि तोही घरच्यांची समजूत घालून मिळालेला.

ज्यांच्याकडे साधा पीएस फोर आहे आणि त्यावर मोठी, कथा असलेली दुनिया हवी आहे, त्यांनी याच कंपनीचा ‘विचर ३’ दोन्ही विस्तारांसह असलेल्या आवृत्तीत घ्यावा. तो या यंत्रासाठीच घडवला होता, आणि त्यातली खेडी, शेते, ओसाड पडलेली घरे पाहताना लिहिणाऱ्याने गाव पाहिलेले असल्याची खात्री पटते. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ तर डोळे झाकून घ्यावा. ‘सायबरपंक’ची पिवळी डिस्क घेण्यात अर्थ आहे तो एकाच परिस्थितीत : पुढे डिस्क टाकता येणारा पीएस फाइव्ह घेण्याचे ठरलेले असेल आणि घरी चांगले वायफाय असेल, तर पीएस फोरच्या त्या डिस्कवर पीएस फाइव्हची सुधारित आवृत्ती फुकट उतरवता येते, मात्र ‘फँटम लिबर्टी’ वेगळे पैसे देऊनच घ्यावे लागते. तशी ती घेणार असाल तर दुकानातच डबी उघडून पाहा. आत दोन डिस्क असायला हव्यात, एक डाटाची आणि एक खेळण्याची.